सदर जीव मांजराचा आहे

खोताच्या वाडीत एका लाकडी जिन्याच्या कठड्याला सुतळीने पुठ्ठा बांधला होता. त्यावर लिहिलं होतं, 'मांजराचं पिल्लू द्यायचं आहे. फक्त चांगल्या घरी. वर येऊन इरावतीला विचारा.' जगदीशराव विजयकर रोज सकाळी फणसवाडीतून निघत, ठाकूरद्वारावरून इथवर चालत येत आणि याच जिन्यापाशी वळून परत जात. त्या दिवशी ते वळले नाहीत. 'फक्त चांगल्या घरी' हे शब्द त्यांना लागले. ज्या घरात अडुसष्ट वर्षं काढली ते चांगलं की वाईट, हे आता पुठ्ठ्यावरून ठरणार की काय? निव्वळ तत्त्वाचा प्रश्न म्हणून ते जिना चढले.

वर बुटांच्या खोक्यात एक तांबूस पिल्लू बसलं होतं. मूठभर. त्याने जगदीशरावांकडे नीट निरखून पाहिलं आणि एक शिंक दिली. तत्त्वाचा प्रश्न तिथेच संपला.

पिल्लू आवडलं तर उचलावं आणि घरी न्यावं, इतकी ही साधी गोष्ट. पण जगदीशरावांनी विमा कंपनीच्या दावे विभागात चौतीस वर्षं काढली होती. कागद पुरे असल्याशिवाय कशालाच 'हो' म्हणायचं नाही, हे त्यांच्या हाडीमाशी भिनलं होतं. शिवाय घरात आधीच दोन मांजरं होती आणि दोन्ही म्हातारी.

त्यातला हवालदार पंधरा वर्षांचा. पांढऱ्या तोंडावर काळी झुपकेदार मिशी, म्हणून हवालदार. दात दोनच उरलेले, नजर गेलेली, नाकाचाही फारसा भरवसा नाही. दिवसातले बावीस तास तो झोपायचा आणि उरलेले दोन तास आता कुठे झोपावं याचा विचार करायचा. दुसरी बेबी, वय सोळा. नाव ठेवलं तेव्हा ती खरोखरच बेबी होती, पुढे बदलायचं राहून गेलं. गिरगावात यात नवल काहीच नाही. सत्तरी उलटलेल्या, गुडघ्याला पट्टा बांधून भाजी आणणाऱ्या निदान चार बेब्या एकट्या फणसवाडीतच सापडतील. या बेबीच्या किडन्या नाजूक होत्या, वजन अडीच किलो होतं आणि स्वभाव निवृत्त मुख्याध्यापिकेचा होता.

"हवालदार हल्ली फार गप्प असतो," जगदीशराव जेवताना म्हणाले. "एखादं लहान घरात आलं तर त्याला जरा हुशारी वाटेल."

"हवालदार रिटायर झालाय," त्यांच्या पत्नी ललिताबाई म्हणाल्या. "त्याला कशाला परत ड्यूटीवर बोलावता?"

"तुझा विरोध आहे?"

"पूर्ण. घाण कोण काढणार? मी. उपदेश कोण करणार? तुम्ही. आणलंत तर संडासात ठेवा."

जगदीशरावांनी दादरच्या डॉक्टर मेघनांना फोन लावला. दोन्ही मांजरं त्यांच्याच औषधावर होती. त्या म्हणाल्या, "काका, काही सांगता येत नाही. कधी म्हातारी मांजरं खुलतात, कधी मिटतात. इकडेही जाऊ शकतं, तिकडेही." दावा एक तर मंजूर असतो नाहीतर नामंजूर. 'इकडेही, तिकडेही' असा शेरा मारला असता तर जगदीशरावांच्या साहेबांनी फाइल अंगावर फेकली असती. तेव्हा डॉक्टरांचा नाद सोडून त्यांनी अनुभवी लोकांचा सल्ला घ्यायचं ठरवलं आणि बिल्डिंगच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर संदेश लिहायला घेतला.

इथे एक अडचण होती. ग्रुपवर सोसायटीचे सेक्रेटरी शामराव पितळे होते. विजयकरांकडे दोन मांजरं आहेत याचं शामरावांना पंधरा वर्षं दुःख होतं. तिसऱ्याची बातमी त्यांना आधीच लागू नये म्हणून जगदीशरावांनी 'मांजर' हा शब्द मोठ्या चतुराईने टाळला. अर्धा तास खपून त्यांनी लिहिलं : 'आमच्या घरी लवकरच एक लहान जीव येण्याची शक्यता आहे. घरातील दोन वृद्ध सदस्यांच्या प्रकृतीवर त्याचा काय परिणाम होईल, याबाबत अनुभवी सभासदांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.' मग ते आंघोळीला गेले, जेवले आणि आडवे झाले.

चार वाजता फोन पाहिला तर एकेचाळीस संदेश. फुलं, फुगे, हात जोडलेले, नारळ. 'काही त्रास होत नाही, उलट आयुष्य वाढतं!' 'आमच्या आई तर अंथरुणातून उठून बसल्या होत्या.' 'किती दिवस वाट पाहिलीत!' जगदीशरावांचा ऊर भरून आला. आपल्या बिल्डिंगीत मांजरांविषयी इतकी आपुलकी असेल असं त्यांना स्वप्नातही वाटलं नव्हतं. कुणीतरी विचारलं होतं, 'मुलगा हवा की मुलगी?' त्यांनी उत्तर दिलं, 'काहीही चालेल. रंग तांबूस आहे. ललिताचा मात्र पूर्ण विरोध आहे.'

यानंतर ग्रुपवर जी शांतता पसरली, तिचा अर्थ जगदीशरावांना दुसऱ्या दिवसापर्यंत लागला नाही.

विजयकरांची एकुलती एक मुलगी नूपुर. चौतीस वर्षांची, लग्नाला सहा वर्षं झालेली, लोअर परळला सासरी राहणारी. तेव्हा लहान जीव कुणाचा, हे बिल्डिंगीतल्या कुठल्याच घरात समजावून सांगावं लागलं नाही. पहिल्या मजल्यावरच्या सुचित्राबाई तर दोन मजले चढून, धापा टाकत, ललिताबाईंची समजूत घालायला आल्या.

"अगं ललिता, देवाच्या कृपेनं होतंय ते होऊ दे. विरोध कसला करतेस?"

"तुम्हाला काय जातंय बोलायला? घाण मी काढायची!"

"तेवढं तर करावंच लागतं गं आपल्याला."

"मुळीच नाही. मी यांना स्वच्छ सांगितलंय, आणलंत तर संडासात ठेवा."

सुचित्राबाईंनी दाराची चौकट धरली. मग त्या खाली गेल्या आणि त्यांनी नूपुरच्या सासूबाईंना, शेवंतीबाईंना, फोन केला. लग्नात ओळख झाल्यापासून सुचित्राबाई त्यांच्याकडूनच गावची कोकमं मागवत असत.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला शेवंतीबाई टॅक्सीतून उतरल्या. हातात डिंकाच्या लाडवांचा डबा आणि डोळ्यांत पाणी. रागाचं की आनंदाचं ते त्यांचं त्यांनाही ठरवता येत नव्हतं. आत येऊन चप्पल काढायच्या आधीच त्या म्हणाल्या, "ललिताबाय, माका सुचित्रान सगळा सांगल्यान. माज्या नातवंडाक तुमी संडासात ठेवतलास?"

ललिताबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग डब्याकडे पाहिलं. मग दोघींनी मिळून जगदीशरावांकडे पाहिलं. ते पेपर वाचत होते. तो त्यांनी आणखी थोडा वर धरला.

उलगडा व्हायला पंधरा मिनिटं लागली. शेवंतीबाई डबा मांडीवर घेऊन बसल्या. बेबी येऊन त्यांच्या लुगड्याला नाक लावून गेली. शेवटी उठताना त्या म्हणाल्या, "लाडू ठेवा तुमका. परत नेऊचे नसतत." त्यांचा आवाज इतका साधा होता की जगदीशरावांना पहिल्यांदाच आपण काहीतरी वाईट केलं असं वाटलं. त्यांनी तातडीने ग्रुपवर खुलासा टाकला : 'आमच्या संदेशाबाबत गैरसमज झाल्याचे दिसते. सदर जीव मांजराचा आहे.'

दुसऱ्या मजल्यावरून लगेच विचारणा आली, 'कुठल्या मांजराचा?'

संध्याकाळी नूपुर ऑफिसातून थेट आली. ती ओरडली नाही. ती उभ्या उभ्या म्हणाली, "बाबा, बातमी ऑफिसापर्यंत पोहोचली. माझ्या साहेबांनी मला बसायला चांगली खुर्ची दिली. तुमच्या मेहेरबानीने." मग तिने बेबीला उचललं, तिच्या कानामागे खाजवलं, तिला खाली ठेवलं आणि ती निघून गेली. जगदीशराव 'अगं' म्हणाले तेव्हा ती खालच्या मजल्यावर पोहोचली होती.

खुलाशामुळे एक मात्र झालं. 'सदर' हे पिल्लाचं नावच पडून गेलं. जिन्यात भेटेल तो विचारू लागला, "काय विजयकर, सदर कधी येतोय?" आणि अर्थातच शामरावांचं पत्र आलं.

शामराव स्वतःच ते घेऊन वर आले. "उपविधी पाहिले मी," ते म्हणाले. "मांजराला बंदी नाही."

"मग झालं तर."

"पण परवानगी आहे असंही कुठे लिहिलेलं नाही. तुम्ही रीतसर अर्ज करा. दोन प्रती. मजल्यावरच्या शेजाऱ्यांची संमती. आणि फोटो."

"माझा की त्याचा?"

शामराव विचारात पडले. "दोघांचाही जोडा. कमिटीपुढे ठेवतो."

अर्ज गेला. तोवर इरावती घर पाहायला येणार होती. जगदीशरावांचा समज असा, की ती येईल, चहा घेईल, घराचं कौतुक करेल आणि पिल्लू ठेवून जाईल. इरावती पंचविशीची, केस बारीक कापलेली, अतिशय विनयशील मुलगी होती. तिने चहा घेतला नाही. तिच्या फोनमध्ये सत्तेचाळीस प्रश्नांचा फॉर्म होता. चौतीस वर्षं लोकांना प्रश्न विचारण्यात गेलेल्या माणसाला समोर बसून उत्तरं द्यायला लागणं म्हणजे काय, हे कळायला त्या जागी बसावं लागतं.

"काका, दिवसातून किती वेळ बाहेर असता?"

"दीड तास. फार तर पावणेदोन."

"चटकन राग येतो का?"

"छे!"

"हो लिही," ललिताबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

इरावतीने दोन्ही लिहिलं. गॅलरीला जाळी नाही म्हणून तिने मान हलवली. मग ती हवालदारापाशी जमिनीवर बसली आणि दहा मिनिटं काहीच बोलली नाही. हवालदारही बोलला नाही. शेवटी ती उठून म्हणाली, "काका, तुमचं वय?"

"अडुसष्ट."

"पिल्लू अठरा वर्षं जगू शकतं."

जगदीशरावांनी मनात बेरीज केली. शहाऐंशी. ही बेरीज त्यांनी नोकरीत हजारो लोकांसाठी केली होती, टेबलाच्या पलीकडच्या माणसाच्या तोंडाकडे न पाहता. त्यांच्यासाठी आजवर ती कुणी केली नव्हती. "माझे वडील एक्याण्णव वर्षं जगले," ते म्हणाले. "शेवटपर्यंत स्वतःच्या हाताने दाढी करायचे."

"छान," इरावती म्हणाली आणि तिने तेही लिहून घेतलं. "पण हमीदार लागेल, काका. पन्नाशीच्या आतला. उद्या काही झालं तर पिल्लू मी सांभाळीन, अशी त्याची सही हवी. आणि जाळी."

ती गेल्यावर जगदीशराव आरशासमोर जाऊन उभे राहिले. ललिताबाईंनी ते पाहिलं आणि पाहिलं नाही असं दाखवलं.

जाळीचं काम त्यातल्या त्यात सोपं वाटत होतं, म्हणूनच ते अडलं. शामराव म्हणाले, जाळीने बिल्डिंगच्या दर्शनी भागाचा एकसारखेपणा जाईल. या दर्शनी भागाला सात प्रकारचे गज होते, तीन रंगांच्या ताडपत्र्या होत्या आणि खुद्द शामरावांच्या गॅलरीत एक मोडकी सायकल उभी टांगलेली होती. तोडगा काढला तो जाळी लावायला आलेल्या आनंद नावाच्या मुलाने. तो माप घेता घेता म्हणाला, "काका, मांजराची जाळी आणि कबुतराची जाळी एकच असते. तुम्ही कबुतर लिहा ना." जगदीशरावांनी कबुतर लिहिलं. परवानगी अर्ध्या तासात आली, सोबत शामरावांचा एक संदेशही आला, 'स्तुत्य उपक्रम.' कबुतरांच्या बाबतीत फणसवाडीत दोन मतं नाहीत.

राहिला हमीदार. पन्नाशीच्या आतलं हक्काचं माणूस एकच होतं आणि ते फोन उचलत नव्हतं. जगदीशराव टॅक्सीने लोअर परळला नूपुरच्या ऑफिसात गेले. खाली काचेच्या दालनात त्यांचा फोटो काढला, ओळखपत्र मागितलं, गळ्यात 'व्हिजिटर' लिहिलेला पट्टा घातला आणि एका मऊ कोचावर बसायला सांगितलं. हा कोच इतका खोल होता की त्यातून उठताना त्यांना वॉचमनचा हात धरावा लागला. नेमकी त्याच वेळी नूपुर लिफ्टमधून बाहेर आली.

तिने त्यांच्या गळ्यातला पट्टा काढून वॉचमनला दिला. दोघं बाहेर येऊन टपरीवर चहा घेत उभे राहिले.

"शेवंतीबाईंना मी फोन केला होता," जगदीशराव म्हणाले. "माफी मागितली."

"माहितेय. त्यांनी सांगितलं." नूपुरने हमीपत्र वाचलं. "बाबा, खरं सांगा. पिल्लू कुणासाठी हवंय?"

"हवालदारासाठी."

"हवालदाराला दिसत नाही."

"म्हणून तर. एकटा पडतो तो. दिवसभर नुसता पडून असतो. कुणी येत नाही, जात नाही. त्याला वाटत असेल..." जगदीशराव थांबले. हवालदाराला काय वाटत असेल हे आपल्याला इतकं तपशीलवार कसं ठाऊक, असं नूपुर विचारेल म्हणून त्यांनी चहाचा घोट घेतला. तिने विचारलं नाही. तिने कागद टपरीच्या फळीवर ठेवून सही केली.

"एक लक्षात ठेवा," ती म्हणाली. "बेबी माझी आहे. कॉलेजात असताना मी आणलीय तिला. तिला काही झालं तर मी तुमच्याशी बोलणार नाही. मी खरंच सांगतेय."

रविवारी सदर आला, आठ दिवसांच्या बोलीवर. जमलं तर कायमचा, नाही जमलं तर परत. सोबत इरावतीने लिहून दिलेल्या सूचना : पहिला आठवडा पिल्लू वेगळ्या खोलीत ठेवावे, त्याच्या अंगाचा टॉवेल मोठ्या मांजरांना हुंगायला द्यावा आणि त्यांचा टॉवेल पिल्लाला. विजयकरांच्या घरात वेगळी म्हणता येईल अशी खोली एकच होती आणि ललिताबाईंनी ती पहिल्याच दिवशी सुचवलेली होती. संडास-बाथरूम एकत्र, वर कडी. एक अडचण अशी, की त्या खोलीत माणसांचंही येणंजाणं असतं. सोमवारी जगदीशराव तोंडाला साबण लावून बसलेले असताना सदर त्यांच्या उघड्या पाठीवरून खांद्यापर्यंत चढला. त्यांनी जी आरोळी ठोकली ती ऐकून शामराव खालून पळत वर आले. बंद दाराबाहेरून शामराव विचारत होते, "विजयकर, पडलात का?" आणि जगदीशराव आतून ओरडत होते, "मी पडलेलो नाही!" हा संवाद सगळ्या बिल्डिंगने ऐकला. पुढचे दोन दिवस भेटेल तो त्यांना बाथरूममध्ये धरायला दांडी बसवून घ्यायचा सल्ला देत होता.

त्याच गडबडीत दार उघडं राहिलं आणि सदर बाहेर पडला.

तो सरळ हवालदाराकडे गेला आणि त्याच्या शेपटीला चावला. हवालदाराने मिनिटभर विचार केला आणि शेपूट दुसरीकडे ठेवली. सदर पुन्हा चावला. मग हवालदाराने डोकं वळवून त्या गोळ्याला एक पंजा टाकून जवळ ओढलं आणि चाटायला लागला. बेबी आहे असं त्याला वाटलं असेल, किंवा आपणच आहोत असंही. एक तासभर तो चाटत होता. संध्याकाळी तर तो उठला! चार पावलं चालला, पिल्लू पुढे आणि तो मागे, खुर्चीच्या पायाला धडकला, आणि तरीही चालत राहिला. जगदीशरावांनी अकरा फोटो काढले आणि सगळेच्या सगळे ग्रुपवर टाकले. त्यांच्या लेखी दावा मंजूर झाला होता.

बेबीने हे सगळं कपाटावरून पाहिलं. सदर बाहेर आला त्या क्षणी ती कपाटावर चढली होती. सोळाव्या वर्षी अडीच किलोच्या त्या देहात एवढी उडी कुठून आली कोण जाणे. वर दोन जुन्या सुटकेसच्या मध्ये ती जाऊन बसली. पहिल्या दिवशी सगळे हसले. 'मॅडम रुसल्या,' असा मथळा देऊन जगदीशरावांनी तिचाही एक फोटो टाकला.

दुसऱ्या दिवशी कुणी हसलं नाही. बेबीने खाल्लं नव्हतं. पाण्याची वाटी वर नेऊन ठेवली, ती तशीच राहिली. ज्या ललिताबाईंना या प्रकरणाशी काही देणंघेणं नव्हतं, त्या मांदेली उकडून, काटे काढून, स्टुलावर चढल्या आणि हात उंच करून पंधरा मिनिटं उभ्या राहिल्या. "खा गं. माझी बाई ना तू? एवढंसं खा." बेबीने तोंड फिरवलं. जगदीशरावांनी खाली स्टूल धरून ठेवलं होतं. त्यांना वरचं काही दिसत नव्हतं. ललिताबाईंच्या टाचा तेवढ्या दिसत होत्या. त्या स्टुलाला टेकत नव्हत्या.

बुधवारी सकाळी बेबीला टोपलीत घालून दोघं टॅक्सीने दादरला गेले. डॉक्टर मेघनांनी तिची कातडी चिमटीत धरून पाहिली, सलाईन लावलं आणि विचारलं, "पिल्लू आणलंत का?"

"हवालदार फार खूश आहे," जगदीशराव म्हणाले. "चालतो. काल तर..."

"काका, बेबीचं नाक शाबूत आहे. झोपेतही तिला ते पिल्लू कळतंय. आणखी दोन दिवस अशीच उपाशी राहिली तर या किडन्यांचं मी काही सांगू शकणार नाही."

"पण हवालदार..."

"मी म्हटलं होतं ना, इकडेही जाऊ शकतं, तिकडेही? तुमच्याकडे दोन्हीकडे गेलंय."

परतीच्या टॅक्सीत टोपली दोघांच्या मध्ये होती. ललिताबाईंचा एक हात टोपलीच्या आत होता. जगदीशराव वाट पाहत होते. 'मी सांगितलं होतं' हे वाक्य परळला येईल, भायखळ्याला येईल, निदान ठाकूरद्वाराच्या सिग्नलला तरी येईल, अशी त्यांची खात्री होती आणि त्याचं उत्तरही त्यांनी तयार ठेवलं होतं. ते वाक्य आलंच नाही. त्यामुळे ते जास्तच घाबरले.

"काय करू या?" शेवटी त्यांनीच विचारलं.

"तुम्ही ठरवा," ललिताबाई म्हणाल्या. "तुमचं पिल्लू आहे."

'तुमचं पिल्लू' असं आजवर कुणी म्हटलं नव्हतं.

घरी आल्यावर जगदीशरावांनी बेबीला पलंगावर ठेवलं. हवालदाराच्या पोटाशी सदर झोपला होता. त्याला उचलताना हवालदाराने झोपेतच पंजा पुढे टाकला, तो रिकाम्या चटईवर पडला. जगदीशरावांनी सदरला कापडी पिशवीत ठेवलं आणि ते जिना उतरले. बोलीचे आठ दिवस पुरे झाले नव्हते. झाले होते तीन.

फणसवाडीतून खोताच्या वाडीपर्यंत सदर पिशवीतून डोकं बाहेर काढून रस्ता बघत होता. हातगाड्या, केळीवाला, देवळाबाहेरची फुलांची टोपली, सगळं त्याला पसंत पडलं होतं. इरावती रागावेल, जबाबदारीबद्दल दोन शब्द सुनावेल, अशी जगदीशरावांची तयारी होती. ती म्हणाली, "काका, आठ दिवसांची बोली असते ती याचसाठी," आणि तिने पिल्लू घेतलं. मग तिने फोन पुढे केला. "इथे कारण लिहायचं फक्त. एक ओळ."

एका ओळीत कारण लिहिणं हा जगदीशरावांचा हातखंडा. मुदत संपली. माहिती दडवली. कागदपत्रे अपुरी. अशा ओळी त्यांनी डोळे मिटून लिहिल्या होत्या. आज ते त्या लहानशा चौकटीकडे बघत बसले. 'प्रकृतीच्या कारणास्तव' असं लिहिलं, खोडलं. 'घरातील मतभेदामुळे' लिहिलं, तेही खोडलं, कारण ते खरं नव्हतं. पिल्लू इरावतीच्या खांद्यावरून त्यांच्याकडे बघत होतं. शेवटी त्यांनी लिहिलं, 'घरातली जुनी मंडळी अजून आहेत.'

इरावतीने ते वाचलं आणि काही न बदलता तसंच ठेवलं.

बेबीने दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला अर्धी मांदेली खाल्ली. मग पाणी प्यायली. मग पलंगावरून उतरून हवालदारापाशी गेली, त्याला हुंगलं, त्याच्या अंगाला पिल्लाचा वास येतोय असं कळल्यावर त्याच्या थोबाडीत मारली आणि येऊन उन्हात बसली. ललिताबाईंनी हे सगळं नूपुरला फोनवर दाखवलं. "बाबांना दे," नूपुर म्हणाली. जगदीशरावांनी फोन घेतला. "जेवलात का?" तिने विचारलं. ते हो म्हणाले. एवढंच बोलणं झालं, पण झालं.

त्याच दुपारी शामरावांनी पत्र आणून दिलं. कमिटीने सर्वानुमते अर्ज मंजूर केला होता. 'सदर जीवास इमारतीत वास्तव्यास हरकत नाही.' खाली सही, शिक्का आणि जगदीशरावांच्या फोटोवर आडवी सही. पिल्लाचा फोटो तसाच कोरा सोडला होता.

"कुठाय तो?" शामरावांनी आत डोकावून विचारलं. परत केल्याचं कळल्यावर ते जरा वेळ दारात घुटमळले. "तसा गोड होता हो," ते म्हणाले आणि उतरून गेले. पुढच्या आठवड्यात इरावतीचा संदेश आला. सदर परळला एका घरी गेला होता. तिथे दुसरं मांजर नव्हतं, त्यामुळे कुणाची संमती लागली नाही.

प्रश्न राहिला हवालदाराचा. त्याने काही खाणं सोडलं नाही, की आजारी पडला नाही. तो फक्त शोधायचा. दुपारी उठायचा, हळूहळू सगळं घर हिंडायचा, खुर्चीला धडकायचा, बाथरूमच्या दारापाशी जाऊन बसायचा आणि एकदाच, हलक्या आवाजात, हाक मारायचा. उत्तराची वाट बघायचा. मग चटईवर परत यायचा आणि पोटापाशी एक लहानशी जागा मोकळी ठेवून झोपायचा. चार दिवस झाले तरी हे चालूच होतं. ललिताबाई म्हणाल्या, विसरेल. डॉक्टर मेघना म्हणाल्या, विसरेल. सुचित्राबाई म्हणाल्या, त्याला दुधातून हळद द्या.

पाचव्या दुपारी हवालदार असाच हिंडून आला आणि चटईवर पडला. जगदीशराव आरामखुर्चीतून हे पाहत होते. त्यांनी चष्मा काढून ठेवला. खुर्चीचा हात धरून एक गुडघा टेकला, मग दुसरा, मग भिंतीला धरत धरत ते जमिनीवर आडवे झाले, हवालदाराच्या शेजारी, तोंडाला तोंड करून. फरशी गार होती. हवालदाराने त्यांच्या हनुवटीचा वास घेतला. हा कोण, हे बहुधा त्याला कळलं नाही. पण त्याने पंजा पुढे करून त्यांच्या नाकावर ठेवला आणि चाटायला सुरुवात केली. जगदीशरावांनी डोळे मिटून घेतले.

ललिताबाई भांडी विसळून हात पुसत बाहेर आल्या. त्यांनी जमिनीवरचं दृश्य पाहिलं. उशी आणून त्यांनी नवऱ्याच्या डोक्याखाली सरकवली.

"उठायचं असेल तेव्हा हाक मारा," त्या म्हणाल्या. "एकट्याने उठायला जाऊ नका."

"मला उठता येतं," जगदीशराव डोळे न उघडता म्हणाले.

वीस मिनिटांनी त्यांनी हाक मारली.